एटीकेटी: सत्रे भरण्यापासून श्रेयांकांच्या खात्यापर्यंत

‘केटी लागली’ म्हणजे विषय राहिला, एवढाच अर्थ आज घेतला जातो. मूळ शब्दप्रयोग मात्र नापास होण्याविषयी काहीच बोलत नाही. ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे पुढच्या वर्गाची सत्रे भरण्यास परवानगी. शिक्षेसारखे ऐकू येणारे हे नाव सवलतीचे आहे आणि ती का द्यावी लागली, हे विद्यापीठांच्या जुन्या रचनेत शोधावे लागते.

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. साहजिकच सत्रे भरल्याचा प्राचार्यांचा दाखला आणि परीक्षेतले यश या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. हजेरी कमी पडली तर ‘टर्म ग्रँट होणार नाही’, ही महाविद्यालयांत अजूनही दिली जाणारी तंबी त्या दाखल्याचीच वारस आहे.

वार्षिक परीक्षेच्या काळात खरी अडचण वेळापत्रकाची होती. एप्रिलमध्ये एखादा विषय राहिला की ऑक्टोबरची वाट पाहायची, आणि ऑक्टोबरात तो सुटला तरी पुढच्या वर्गाचे दार जूनमध्येच उघडायचे. म्हणजे एका पेपरपायी अख्खे वर्ष घरी. एटीकेटीने हे वर्ष वाचवले. ठरावीक संख्येपर्यंत विषय राहिले असतील तर वरच्या वर्गात बसा आणि मागचे पेपर सोबतीने सोडवा, अशी ती सोय होती.

मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून श्रेयांक-सत्र (क्रेडिट-सेमिस्टर) पद्धती आली आणि हिशेब सहा सत्रांचा झाला. शेवटचे सत्र उत्तम गुणांनी सुटले, पण खालच्या सत्रातला एखादा पेपर अडकलेला असेल, तर गुणपत्रकावर ‘आरएलई’ ही अक्षरे उमटतात आणि निकाल राखून ठेवला जातो. नापास या शेऱ्यापेक्षा हा शेरा अधिक जिव्हारी लागतो, असे मला वाटते. पदवी किती काळ रेंगाळू द्यायची, याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये नियत कालावधीनंतर सर्वसाधारणपणे दोन वर्षे, अशी मार्गदर्शक मर्यादा सुचवली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर मध्येच सोडून परत येणे हाही नियमाचा विषय झाला. २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक सुरू झाली; मिळवलेले श्रेयांक तिथे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात. आयोगाच्या नव्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यातील ४ व्यावसायिक श्रेयांक मिळवणाऱ्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या आत परतून एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची, अशी अट आहे.

परतणाऱ्याची जुनी अडचण मात्र अभ्यासक्रमाची आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकांच्या माथ्यावर ‘२०१५ पॅटर्न’, ‘२०१९ पॅटर्न’ असे छापलेले असते. नवा अभ्यासक्रम लागू झाला तरी जुन्या पॅटर्नमध्ये विषय राहिलेल्यांसाठी काही काळ वेगळा पेपर काढावाच लागतो.