गाणं रेकॉर्ड झालं, आता रॉयल्टीचं बघा

(आमच्या सांगलीच्या स्टुडिओत येणाऱ्या गीतकार, संगीतकार आणि गायकांसाठी)

मिरज, तासगाव, वाळवा, जत इकडून देवीची गाणी, भीमगीतं, लावण्या घेऊन मंडळी आमच्याकडे येतात. मास्टर, म्हणजे रेकॉर्डिंगची अंतिम प्रत, हातात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "यूट्यूबवर टाकलं की पैसे येतील ना?" चाललं तर येतील, पण ते रेकॉर्डिंगचे, आणि रेकॉर्डिंगच्या मालकाला. शब्द आणि चालीचे पैसे वेगळ्या वाटेनं येतात. ते गोळा करते इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. संस्था १९६९ ची. २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून तिची पुन्हा नोंदणी झाली.

हॉटेल, एफएम स्टेशन, कार्यक्रमाचे आयोजक, स्ट्रीमिंग कंपन्या एकेका गीतकाराच्या दारात जात नाहीत. त्या सोसायटीकडून सगळ्या सभासदांच्या गाण्यांचं एकत्र लायसन्स घेतात. काय वाजलं याच्या याद्या सोसायटीकडे जातात, तिथे त्या नोंदींशी ताडल्या जातात आणि खर्च वजा जाता रक्कम वाटली जाते. कारखान्याकडे नोंद नसलेल्या उसाला तोड मिळत नाही, इथेही तसंच. सभासद व्हायचं आणि प्रत्येक गाणं नोंदवायचं, ही दोन वेगळी कामं आहेत. बरेच जण पहिलं करून थांबतात.

घोळ होतो तो ताडताना. गाण्याचं नाव इंग्रजीत लिहिताना 'अंबाबाई'त कुणी एक 'ए' घालतं, कुणी दोन. अपलोडला एक स्पेलिंग, नोंदणीला दुसरं, आणि संगीतकाराच्या रकान्यात गायकाचंच नाव! मग यादीतल्या ओळीला धनी सापडत नाही. म्हणून आम्ही मास्टरसोबत एक छापील कागद देतो: नाव, स्पेलिंग, गीतकार, संगीतकार, गायक, वाटे. त्यावर सगळ्यांच्या सह्या रेकॉर्डिंगच्या दिवशीच घ्या. गाणं चाललं की आठवणी बदलतात, हे आम्ही काचेपलीकडून पुष्कळदा पाहिलंय.

वाट्याचं सर्वसाधारण सूत्र असं: निम्मा हिस्सा प्रकाशक किंवा मालकाचा, उरलेल्यात गीतकार आणि संगीतकार प्रत्येकी २५ टक्के. नुसतं गायलेल्याला आयपीआरएसकडून काही मिळत नाही. गायकांचा हक्क कायद्यात निराळा आहे आणि त्यांच्या सोसायटीची नोंदणी २०१३ ची.

एखादी कंपनी ठोक रक्कम देऊन "सर्व हक्क कायमचे" असा कागद पुढे करते. सही करण्याआधी एवढं माहीत असू द्या: कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द-चालीच्या रॉयल्टीतला तुमचा वाटा कुणाला विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा वसुलीसाठी सोसायटीकडे जातो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.

जुन्या रचना घेताना तारखा बघा. हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. रेठऱ्याचे पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या लावण्या २००५ अखेर मोकळ्या झाल्या. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांना २०२९ अखेरपर्यंत परवानगी लागणार. बापूरावांचे शब्द मोकळे असले तरी कुणी लावलेली नवी चाल किंवा केलेलं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. ओवी पारंपरिक असेल तर नोंदणीत 'पारंपरिक' असंच लिहा. आपल्या नावावर फक्त आपण घातलेलं.

रॉयल्टीचा आकडा बघून हिरमुसू नका. आपल्याकडची गाणी सगळ्यात जास्त वाजतात ती वरातीत आणि देवाच्या कार्यात, आणि लग्नाचे समारंभ व खरेखुरे धार्मिक विधी कायद्यानं लायसन्समधून वगळलेत. हॉटेलातली थर्टी फर्स्टची पार्टी मात्र त्या सवलतीत बसत नाही.

सभासद अर्जाला पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्यांची यादी जवळ ठेवा. घरातले गीतकार वारले असतील तर वारसांनाही अर्ज करता येतो. वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा आमच्याकडे घेऊन या. अर्ज भरायला मदत लागली तर दुपारी या, संध्याकाळी रेकॉर्डिंग असतं. वाट्याच्या कागदाचा कोरा नमुना काउंटरवर मिळेल, त्याचे पैसे नाहीत.