अंगणवाडीत पाळणा का नाही?

कुठल्याही आदिवासी पाड्यावर सकाळी दहाच्या सुमाराला अंगणवाडीपाशी उभे राहिलात तर हे हमखास दिसतं. पाच-सहा वर्षांची मुलगी दाराशी घुटमळत असते आणि तिच्या कडेवर आठ-दहा महिन्यांचं भावंड. आई लावणीला नाहीतर वीटभट्टीवर गेलेली. अंगणवाडीच्या ताईंची पंचाईत होते. मुलगी पटावर आहे, तिला आत घ्यायला हवं. बाळाचं नावही रजिस्टरात आहे, पण ते वजनापुरतं, लसीपुरतं आणि घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटापुरतं. त्याला दिवसभर ठेवून घ्यायची सोय अंगणवाडीत नाही. मग मुलगी थोडा वेळ उंबऱ्यावर बसते, बाळ रडायला लागलं की उठून घरी जाते.

हा पेच अंगणवाडीच्या सरकारी योजनेच्या आधीपासूनचा आहे. ज्या बायकांनी ही कल्पना रुजवली त्यांनी तो ओळखला होता आणि त्यावर उपायही करून पाहिला होता. सरकारने कल्पना उचलली, नाव उचललं आणि नेमका तो उपाय मागे ठेवला. तो का आणि कसा, हे समजायचं तर थोडं मागे, बोर्डीला जावं लागतं.

ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती चांगली नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे मॉन्टेसरी पद्धतीचं काम चालू होतं. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि दहा वर्षांनी ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. पण मॉन्टेसरीची साधनं महाग आणि ती परवडणारी मुलं शहरातली. ताराबाईंना हे खुपत होतं. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताई बालविधवा, पुण्यात शिक्षिका म्हणून स्थिरावलेल्या. त्या जन्मभर याच कामात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण तेव्हाच्या भाषेत ज्याला हरिजनवाडा म्हणत तिथली मुलं येईनात. लांब पडतं, सोडायला कोणी नाही, गावकऱ्यांच्या नजरा वेगळ्याच. मग बालवाडीच वस्तीत न्यायची ठरली, कुणाच्या तरी अंगणात. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. साधनं तिथलीच: चिंचोके, शिंपले, खडे, पानं, माती. आधी तोंड-हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी आणि गोष्टी. हे वर्णन आज गोड वाटतं, पण ज्या वस्तीत शिवायचीसुद्धा चोरी तिथे जाऊन दुसऱ्याच्या लेकराचं शेंबडं नाक पुसणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पुढे १९५०च्या दशकात हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे प्रश्न बदलला. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती कामावर होती. मुलगे गुरांमागे, मुली भावंडांमागे. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. आणि भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊनच यायचं, त्याला पाळण्यात द्यायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत बालशिक्षणाबद्दल महाराष्ट्रात सुचलेली सगळ्यात शहाणी गोष्ट ती हीच. या पाळण्यामुळे बाळाची सोय व्हायचीच, पण थोरलीची शाळाही वाचायची.

इकडे सरकारी पातळीवर काय चाललं होतं? कागदावर बरंच काही. ब्रिटिश सरकारच्या १९४४ च्या सार्जंट शिक्षण अहवालात पूर्वप्राथमिक वर्गांत दहा लाख मोफत जागांची शिफारस होती. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं. त्याने स्वयंसेवी संस्थांना बालवाड्यांसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली. म्हणजे काम संस्थांचं, सरकारचा हात पाठीवर. राज्यघटनेच्या मूळ ४५व्या अनुच्छेदात 'चौदा वर्षांपर्यंत' असं म्हटलं होतं, खालची मर्यादा नव्हती. पण व्यवहारात शिक्षण सहाव्या वर्षीच सुरू होतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

१९७२ मध्ये मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने पूर्वप्राथमिक वयाच्या मुलांबद्दल अहवाल दिला: आहार, आरोग्य आणि शिक्षण यांचा एकत्र विचार करा. तेच वर्ष आपल्याकडे दुष्काळाचं. खडी फोडणाऱ्या बायका, मिलो ही परदेशी ज्वारी आणि सुकडी हा वाटपाचा खाऊ या आठवणी अजून लोकांच्या तोंडी आहेत. देशभरात तेव्हा भूक हाच विषय होता. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण आलं आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, देशात ३३ प्रकल्पांत. महाराष्ट्रात सुरुवात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी इथे झाली. योजनेच्या वस्तीतल्या केंद्राचं नाव ठरलं अंगणवाडी.

योजनेने सहा सेवा ठरवल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणं), आरोग्य-आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. यादीत शिक्षण आहे, पण ते एकटं पडलेलं. बाकी पाचांचं मोजमाप होतं. किती किलो, किती डोस, किती ग्रॅम. गाणं कुठल्या रकान्यात भरणार? वरून सुपरवायझर येणार, खिचडीचा साठा तपासणार, वजनाचे तक्ते बघणार. त्यामुळे ताईंचा जीव त्यातच अडकणार, हे ओघानेच आलं. पाळणाघर तर या सहांत नव्हतंच. तीन वर्षांखालचं मूल आईकडेच असणार असं योजनेने धरलं, आणि त्या मुलाची आई दिवसभर कुठे असते हा प्रश्न आराखड्यात आलाच नाही.

दुसरं गृहीतक ताईंबद्दलचं. त्यांना शिक्षिका म्हटलं नाही, सेविका म्हटलं. पगार नाही, मानधन. सुरुवातीला ते महिना शंभर-दीडशे रुपये होतं. सेवा हा शब्द कोसबाडच्या संदर्भात खरा होता, सरकारी आदेशात तो सोयीचा ठरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करत नाहीत असा निर्णय दिला. २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठा संप झाला, २०१८ मध्ये सरकारने त्यांना मेस्मा हा अत्यावश्यक सेवेचा कायदा लावला आणि विधिमंडळातल्या गदारोळानंतर त्याला स्थगिती द्यावी लागली. गंमत बघा, कर्मचारी नाहीत म्हणायचं आणि संप केला की हा कायदा लावायचा. २५ एप्रिल २०२२ ला न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संप, तो जानेवारी अखेरपर्यंत चालला.

मधल्या काळात अंगणवाडीला जोर आला तो शिक्षणामुळे नाही, बालमृत्यूंमुळे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली आणि राज्य हादरलं. जव्हार म्हणजे कोसबाडच्याच जिल्ह्यातलं, हे मुद्दाम सांगायला हवं. मेळघाटातूनही तशाच बातम्या येत राहिल्या. २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथून एकेक आदेश निघत गेले. प्रत्येक वस्तीला अंगणवाडी हवी, आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, डिसेंबर २००८ पर्यंत देशात १४ लाख केंद्रं हवीत. आज अंगणवाडी गावोगाव दिसते ती बऱ्याच अंशी या आदेशांमुळे. महाराष्ट्रात अशी केंद्रं १ लाख १० हजारांच्या आसपास आहेत. ठेकेदार मात्र चिवट निघाले. पाकीटबंद आहाराचं राज्यातलं ६३०० कोटींचं काम २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावं लागलं, कारण महिला बचत गटांसाठी असलेलं काम अटींमुळे बड्या पुरवठादारांकडे जात होतं.

शिक्षणाचा धागा याच काळात आणखी बारीक झाला. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाखालच्यांसाठी ४५वा अनुच्छेद बदलून 'राज्य प्रयत्न करील' एवढ्यावर भागवलं. शिक्षणहक्क कायद्यातही तीन ते सहाच्या मुलांसाठी शासन व्यवस्था 'करू शकेल', असंच आहे. ही पोकळी खासगी नर्सरी-केजीने भरली. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने मूल अंगणवाडीतून काढून गणवेश घालून व्हॅनमध्ये बसवलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, २०२३ पासून 'पोषण भी पढाई भी'ची घोषणा आली. पण दरम्यान अंगणवाडीच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर नावाचं ॲपही आलं होतं. २०२१ मध्ये राज्यातल्या ताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, कारण ते चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत. चौथी-आठवी शिकलेल्या ज्या ताईंनी तीस वर्षं तक्ते हाताने भरले, त्यांना इंग्रजी रकाने भरता येत नाहीत म्हणून मानधन अडायची भीती.

आणि पाळणा? रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात त्याची तरतूद आली: कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळण्याचं काम द्यायचं आणि मजुरीही. २०१२ मध्ये बालविकास योजनेची फेररचना झाली, तेव्हा पाच टक्के, म्हणजे सुमारे ७० हजार अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरलं. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीखाली 'पालना' ही पाळणाघरांची योजना आली. तिचे निकष नीट आहेत: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, आणि त्यासाठी वेगळी पाळणासेविका व मदतनीस. अंगणवाडीला जोडलेल्या अशा पाळणाघरांचं देशभराचं लक्ष्य १७ हजार ठेवलं. अंगणवाड्या आहेत १४ लाख.