मुंबईतील गिरणी कामगारांचा संप (१९१९)

पहिले महायुद्ध, इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ आणि १९१८चे अवर्षण यांच्या एकत्रित तडाख्यातून उसळलेला कापड गिरण्यांतील सार्वत्रिक संप. एकात एक गुंतलेल्या अशा आपत्तींना हल्ली ‘बहुसंकट’ म्हणतात. शब्द नवा, अनुभव जुना.

१८९६च्या प्लेगमध्ये कामगारांनी गावची वाट धरली होती. माणसे मिळेनात, तेव्हा मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. १९१८मध्ये मात्र घाटावर पाऊस हुकला होता आणि मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झा, खेड्यापाड्यांतही पोचली होती; गावाचा आसरा उरला नव्हता. जूनमध्ये मुंबईच्या गोदीत दिसलेल्या या साथीची सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट फार घातक ठरली. एका खोलीत अनेकजण राहत त्या चाळींत आजाऱ्याला वेगळे ठेवणार कुठे? शिवाय खाडा झाला की मजुरी बुडाली.

युद्धाने मालकांचे मात्र भले केले. जहाजे लढाईच्या कामी लागल्याने इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या कापडाची आवक आटली, देशी कापड चढ्या भावाने खपू लागले. धान्य, रॉकेल आणि खुद्द कापडही महागले. मजुरी त्यामानाने वाढली नाही. खरी ठिणगी या तफावतीत होती, निव्वळ उपासमारीत नव्हे.

१९१८च्या अखेरीस सेंच्युरी मिलमध्ये सुरू झालेला संप जानेवारीत शहरभर पसरला. त्यात लाखाहून अधिक कामगार उतरले. मागे संघटित युनियन नव्हती. जमाव एका गिरणीच्या फाटकावरून दुसरीकडे जाई आणि काम थांबे. कामगार मागे हटले ते महागाई भत्ता १५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेल्यावर. जानेवारी १९२०मध्ये पुन्हा संप झाला आणि कामाचा दिवस १२ तासांवरून १० तासांवर आला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष.

युद्धकाळातल्या नफ्यातून सुरू झालेला वार्षिक बोनस कामगार हक्काचा मानू लागले, मालक खुशीचा. मंदी येताच १९२३मध्ये तो बंद झाला. १९२४च्या आरंभी त्यावरून मोठा संप झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने मात्र बोनसवर कामगारांचा हक्क पोचत नाही, असा निर्णय दिला.