फॅक्स/टेल की टॅड? एकाच लाइनवर फॅक्स आणि आन्सरिंग मशीन

फॅक्स मशीनच्या मेनूत ‘रिसीव्ह मोड’ (येणारा फोन कसा घ्यायचा ते ठरवणारी सोय) उघडलात की बहुधा चार पर्याय दिसतात. त्यातले दोन सरळ आहेत. ‘फॅक्स ओन्ली’ म्हणजे येणारा प्रत्येक फोन फॅक्सच आहे असं धरून उचलणं आणि ‘मॅन्युअल’ म्हणजे माणसाने उचलल्याशिवाय काहीच न करणं. गोंधळ होतो तो उरलेल्या दोघांत. एक ‘फॅक्स/टेल’, म्हणजे फॅक्स आणि टेलिफोन, आणि दुसरा ‘टॅड’, म्हणजे टेलिफोन आन्सरिंग डिव्हाइस, ज्याला काही कंपन्या ‘टॅम’ किंवा ‘टॅड/फॅक्स’ म्हणतात. एकाच नंबरवर फोनही येतील आणि फॅक्सही, असं आश्वासन दोन्ही देतात. त्यामुळे लोक यातला कुठलाही एक निवडतात, शेजारी आन्सरिंग मशीन (कोणी फोन घेतला नाही तर निरोप रेकॉर्ड करणारं यंत्र) जोडतात आणि मग निरोप का येत नाहीत किंवा फॅक्स अर्धवट का येतात याचा शोध घेत बसतात.

दोघांतला खरा फरक एकच आहे. फोन वाजल्यावर तो आधी कोण उचलतं? फॅक्स/टेलमध्ये फॅक्स मशीन उचलतं. टॅडमध्ये आन्सरिंग मशीन उचलतं आणि फॅक्स मशीन मागून नुसतं कान देऊन असतं. रिंग किती ठेवायच्या, वायर कुठे खोचायची, मेसेज कसा बोलायचा, ही पुढची सगळी उत्तरं यातूनच निघतात.

आधी फॅक्स/टेल बघू. दोन-तीन रिंग झाल्या की फॅक्स मशीन लाइन घेतं आणि समोरून फॅक्सचा सूर येतोय का ते ऐकतं. आला तर कागद घ्यायला सुरुवात. नाही आला तर समोर माणूस आहे असं धरून ते स्वतःच्या स्पीकरवरून वेगळी, जोडीजोडीची रिंग वाजवतं, म्हणजे कोणीतरी येऊन रिसीव्हर उचलावा. ही रिंग किती वेळ वाजावी ते ठरवता येतं. ब्रदर कंपनीच्या यंत्रांत त्यासाठी 20, 30, 40 आणि 70 सेकंद असे पर्याय असतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. जोडीची रिंग सुरू झाली, म्हणजे एक्स्चेंजच्या लेखी फोन उचलला गेलेला असतो. समोरच्याला अजून रिंगच ऐकू येते, पण त्याचे पैसे पडायला लागलेले असतात. एस.टी.डी. बूथच्या जमान्यात काचेच्या केबिनमधल्या माणसापुढे मीटर फिरायला लागायचं, आणि पलीकडे अजून कोणी ‘हॅलो’ म्हटलेलं नसायचं. शिवाय ही रिंग लाइनवर नसते, ती फक्त फॅक्स मशीनच्या पोटातून येते. आतल्या खोलीतला समांतर जोडलेला फोन दोन रिंगनंतर गप्प होतो. घरच्यांना वाटतं फोन कापला गेला, तिकडे ऑफिसच्या खोलीत मात्र यंत्र हाका मारत असतं.

तरीही फॅक्स/टेल वाईट नाही. दिवसभर टेबलाशी माणूस आहे आणि आन्सरिंग मशीन नाहीच, अशा ठिकाणी तो चांगला चालतो. पण आन्सरिंग मशीन असेल तर माझं मत स्पष्ट आहे: या मोडच्या वाटेला जाऊ नका. फॅक्स मशीनने लाइन एकदा घेतली की आन्सरिंग मशीनला वाजणारी खरी रिंग थांबते, त्यामुळे त्याची उचलण्याची पाळीच येत नाही. जोडीची रिंग वाजून वाजून संपते. मग कुठल्या यंत्रात फोन कापला जातो, तर कुठल्यात बोलणाऱ्याच्या कानात फॅक्सची शिट्टी वाजते. निरोप काही रेकॉर्ड होत नाही.

आता टॅड. यात आन्सरिंग मशीन फोन उचलतं आणि तुमचा रेकॉर्ड केलेला मेसेज ऐकवतं. फॅक्स मशीन त्या लाइनवरचा प्रत्येक आवाज ऐकत असतं, पण मध्ये पडत नाही. फॅक्स पाठवणारं यंत्र आपली ओळख म्हणून 1100 हर्ट्‌झचा एक सूर सोडतं: अर्धा सेकंद सूर, मग तीन सेकंद शांतता, पुन्हा अर्धा सेकंद सूर. हा सूर कानी पडताच आपलं फॅक्स मशीन आन्सरिंग मशीनची लाइन तोडून फोन स्वतःकडे घेतं आणि 2100 हर्ट्‌झची लांब शिट्टी देऊन ‘मी आहे’ असं कळवतं. सूर आलाच नाही तर बोलणारा माणूस आहे. आन्सरिंग मशीन आपलं काम पुरं करतं आणि फॅक्स मशीन तसंच गप्प राहतं.

‘लाइन तोडून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण जोडणीतली सर्वांत मोठी चूक इथेच होते. भिंतीवरच्या डबीत दोन तोंडांचा जोड लावून एका तोंडाला फॅक्स आणि दुसऱ्याला आन्सरिंग मशीन लावलं, की दोन्ही यंत्रं समांतर होतात. अशा जोडणीत फॅक्सला आन्सरिंग मशीन बाजूला काढता येत नाही. इकडे फॅक्सची बोलणी सुरू होतात आणि त्याच लाइनवर तुमचा आवाज ‘बीपनंतर निरोप सांगा’ म्हणत राहतो. फॅक्स अडखळतो आणि टेपवर किंचाळण्याचे आवाज भरतात. बरोबर पद्धत अशी: भिंतीतली वायर फॅक्स मशीनच्या ‘लाइन’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये खोचायची. त्याच्या शेजारी ‘एक्स्ट’ (एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या यंत्रासाठी) लिहिलेलं दुसरं सॉकेट असतं, त्यात आन्सरिंग मशीनची वायर, आणि आन्सरिंग मशीनच्या मागे हवा तर टेलिफोन. अशी एकामागे एक रांग लागली की लाइन फॅक्सच्या आतून पुढे जाते आणि हवी तेव्हा तोडता येते. ‘एक्स्ट’वर बऱ्याचदा प्लास्टिकची छोटी टोपी बसवलेली असते. ती काढायची राहून जाते आणि मग सॉकेट सापडत नाही. ब्रॉडबँड तांब्याच्या तारेवरून येत असेल तर ही सगळी रांग स्प्लिटरच्या (फोन आणि इंटरनेट वेगळं करणाऱ्या डबीच्या) ‘फोन’ तोंडामागे लावायची.

मेसेजवर जरा थांबू या, कारण टॅड मोड चालणं न चालणं मुख्यतः त्यावरच अवलंबून आहे. ब्रदरच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलं असतं की मेसेजच्या सुरुवातीला पाच सेकंद काहीही बोलू नका. बरेच जण ते सोडून देतात, कारण रिकामी टेप ऐकायला विचित्र वाटते. पण पाचच का, ते बघा. सूर अर्ध्या सेकंदाचा आणि मधली शांतता तीन सेकंदांची, म्हणजे एक फेरी साडेतीन सेकंदांची. तुमचं यंत्र या फेरीत नेमकं कुठे फोन उचलेल ते सांगता येत नाही. सूर अर्धा होऊन गेलेला असताना उचलला, तर पुढचा पूर्ण सूर यायला वेळ लागणार. हिशेब केला तर कुठल्याही क्षणी सुरुवात केली तरी एक अखंड सूर पकडायला चार सेकंद पुरतात. पाच सेकंदांत तो येतोच, वर एक सेकंद हाताशी राहतो. तुम्ही पहिल्या सेकंदाला ‘नमस्कार’ म्हणून बोलायला लागलात तर सूर आणि तुमचा आवाज एकमेकांत मिसळतात आणि यंत्राला त्यातून सूर वेगळा काढावा लागतो. कधी निघतो, कधी नाही. ‘कधी येतो, कधी येत नाही’ ही फॅक्सबद्दलची तक्रार पुष्कळदा याच एका सेकंदापाशी येऊन ठेपते. मेसेजमागे सनई-सतार लावायची हौस असेल तर तीही आवरा. कारण तेच आहे.

बोलणं वीस सेकंदांच्या आत ठेवा. मी सुचवीन तो मेसेज असा, आधीची पाच सेकंदं सोडून: ‘नमस्कार. आत्ता फोन घ्यायला कोणी नाही. बीपनंतर तुमचं नाव, नंबर आणि निरोप सांगा. फॅक्स पाठवायचा असेल तर स्टार, पाच, एक दाबा.’ शेवटचं वाक्य कशासाठी? काही लोक फॅक्स हाताने पाठवतात. रिसीव्हर उचलून नंबर फिरवतात, पलीकडून आवाज आला की मग बटण दाबतात. त्यांचं यंत्र तोवर सूर सोडतच नाही, त्यामुळे आपल्या यंत्राला ऐकायला काही नसतं. अशा वेळी पाठवणाऱ्याने कोड दाबला की फॅक्स मशीन जागं होतं. *51 हा ब्रदरचा कोड. पॅनासॉनिकच्या अनेक यंत्रांत तो *#9 असतो, कॅननमध्ये 25, तर एचपीत 1 2 3. तुमच्या यंत्राचा बघून घ्या, आणि तो चालू केलेला आहे ना, तेही बघा. बऱ्याच यंत्रांत ही सोय मुळात बंद असते.

रिंगांचा हिशेब मात्र परदेशी पुस्तिकेतून जसाच्या तसा उचलू नये. पाठवणारं यंत्र नंबर लागल्यावर साधारण 35 ते 40 सेकंद दम धरतं. म्हणून अमेरिकेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत ‘आन्सरिंग मशीनने चार रिंगच्या आत उचललं पाहिजे’ असं बजावलेलं असतं. तिथे रिंग दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते, म्हणजे चार रिंगांत 24 सेकंद गेले. आपल्याकडची ‘ट्रिंग-ट्रिंग’ मधल्या थांब्यासकट तीन सेकंदांत पुरी होते. चार वेळा वाजली तरी 12 सेकंद. तेव्हा इथे चार रिंग ठेवल्या तरी फॅक्सला पुरेसा वेळ मिळतो आणि घरच्या माणसालाही फोनपर्यंत पोहोचता येतं. फक्त आन्सरिंग मशीनवरचं ‘टोल सेव्हर’ बंद ठेवा. नवा निरोप आलेला असेल तर लवकर आणि नसेल तर उशिरा उचलायचं, अशी ती सोय आहे. बाहेरगावाहून निरोप ऐकणाऱ्याचे पैसे वाचावेत म्हणून ती केली. पण रिंगांची संख्या अशी खालीवर होत राहिली तर फॅक्सचं काहीच निश्चित राहत नाही.

टॅडलाही एक कमजोरी आहे आणि ती आधी माहीत असलेली बरी. या मोडमध्ये बहुतेक यंत्रं स्वतःहून फोन उचलतच नाहीत. आन्सरिंग मशीन बंद पडलं, त्याची मेमरी भरली, किंवा लाइट जाऊन आल्यावर ते ‘ऑफ’वर राहिलं, तर फॅक्सही येणं थांबतं. अमेरिकेतले फॅक्स रात्रीच येतात. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिथल्या ग्राहकाशी कागदोपत्री व्यवहार करणाऱ्या माणसाने संध्याकाळी ऑफिस बंद करताना आन्सरिंग मशीनचा दिवा बघूनच कुलूप लावावं. लोडशेडिंगच्या भागात दोन्ही यंत्रं एकाच इन्व्हर्टरवर असावीत. फॅक्स चालू आणि आन्सरिंग मशीन बंद, या अवस्थेचा कोणालाच उपयोग नाही. टेलिफोन कंपनीची व्हॉइसमेल सेवा चालू असेल तर तीही बंद करून घ्या. ती फोन एक्स्चेंजमध्येच अडवते, आणि तुमच्या घरातल्या फॅक्सला तो सूर ऐकूच येत नाही.

फॅक्समध्येच आन्सरिंग मशीन असलेली एकत्र यंत्रंही मिळायची. त्यात वायरीचा प्रश्न मिटतो, बाकी तर्क तोच.

आता बऱ्याच ठिकाणी लँडलाइन फायबरवर गेली आहे, तिथे एक वेगळाच अडथळा येतो. आवाज तुकड्या-तुकड्यांत पाठवला जातो. सूर ओळखला जातो, फॅक्स मशीन लाइनही घेतं, आणि पान मध्येच तुटतं. अशा वेळी लोक मोड बदलून बघतात, पण दोष मोडचा नसतो. फॅक्सचा वेग सेकंदाला 14400 बिट्सवरून 9600 वर आणून बघा. सेवा देणाऱ्याला विचारा की फॅक्ससाठी टी.38 ची (इंटरनेटच्या जाळ्यावरून फॅक्स नेण्याच्या पद्धतीची) सोय आहे का, आणि नसेल तर आवाज कॉम्प्रेस न करता पाठवला जातो का. अमेरिकेतल्या दवाखान्यांत फॅक्स अजून रोजच्या वापरात आहे, आणि तिथे प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांनाही याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं.

सगळं जोडून झालं की दोन चाचण्या करा, याच क्रमाने. आधी मोबाइलवरून स्वतःच्या नंबरवर फोन लावून कोणी न उचलता निरोप ठेवा. पाच सेकंदांची शांतता, मेसेज, बीप, हे सगळं नीट ऐका आणि फॅक्स मध्ये पडत नाही याची खात्री करा. मग ओळखीच्या कोणाला तरी तीन-चार पानं पाठवायला सांगा, एकच नको. पहिलं पान बऱ्याचदा येतं, लाइनचा दोष असेल तर तो पुढच्या पानांवर दिसतो. फॅक्स येत असताना आन्सरिंग मशीनकडे कान द्या. त्यातून तुमचा आवाज अजूनही येत असेल, तर वायर चुकीच्या सॉकेटमध्ये आहे.