नळीतली फट आणि काजळी

बंदुकीच्या नळीला आतून पिळदार खोबणी पाडली की गोळी सरळ जाते, हे जर्मनीतल्या कारागिरांना इ.स. १५०० च्या सुमारासच उमगलं होतं. शिकारी लोक अशा बंदुका हौसेने वापरतही होते. तरीही १८१५ साली वॉटर्लूच्या मैदानात उतरलेल्या बहुतेक शिपायांच्या हातात गुळगुळीत नळीचीच बंदूक होती. तीन शतकं फौजांनी ही युक्ती बाजूला ठेवली, आणि त्याला कारण सेनापतींचा मठ्ठपणा नव्हता. कारण होतं नळी आणि गोळी यांच्यामधली दीड मिलिमीटरची फट.

ठासणीची बंदूक कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर अजूनही दिसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. ही काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती पेटली की वजनाने निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो. बाकीचा भाग घनरूपातच उरतो. त्यातला काही धूर होऊन डोळ्यांसमोर पसरतो, काही काजळी होऊन नळीला आतून चिकटतो. थोडे बार काढले की नळी आवळायला लागते. गोळी आधीच घट्ट बसणारी असेल, तर ऐन लढाईत ती अर्ध्यातच अडकणार.

म्हणून गोळी मुद्दाम लहान ठेवत. इंग्रजांच्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीची नळी १९ मिलिमीटरची, गोळी साडेसतराची. ती सहज आत घसरे आणि तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढी. त्याची किंमत बाहेर पडताना मोजावी लागे. गोळी नळीत डावी-उजवीकडे आपटत जाई आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यावर तिची दिशा ठरे. जॉर्ज हँगर या इंग्रज कर्नलने १८१४ साली लिहून ठेवलंय की, दीडशे यार्डांवरून नेम धरून मारलेल्या साध्या बंदुकीच्या गोळीने कोणी जखमी झाला तर तो फारच कमनशिबी म्हणायचा, आणि दोनशे यार्डांवर मारायचं तर चंद्रावर मारलेलं काय वाईट! फौजा खांद्याला खांदा लावून रांगेत उभ्या राहून गोळीबार करत, ते यामुळेच. एकाचा नेम लागत नाही, म्हणून पाचशे जणांनी एकदम बार काढायचा.

गोळी का भरकटते, याचा छडा बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४० च्या दशकात लावला. त्याचा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात उपकरण असं काहीच नाही. त्याने एका बंदुकीच्या नळीचं टोक किंचित डावीकडे वाकवलं आणि समोर थोड्या-थोड्या अंतरावर पातळ कागदाचे पडदे उभे केले. गोळी पडद्यांना भोकं पाडत जाणार, म्हणजे तिची वाटच कागदावर उमटणार. डावीकडे वाकवलेल्या नळीतून गोळी डावीकडे जावी. जवळच्या पडद्यांवर ती गेलीही तशीच. पण दूरच्या भिंतीवर पोचेपर्यंत ती नळीच्या सरळ भागाची रेषा ओलांडून चक्क उजवीकडे लागली.

वाकलेल्या भागात गोळी उजव्या कडेला घासत जाते, त्यामुळे तिला गिरकी मिळते, आणि गिरक्या घेणारी गोळी हवेत वळते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच वळतो, तेही याच नियमाने. गुळगुळीत नळीत प्रत्येक गोळीला वेगळीच गिरकी मिळे, त्यामुळे प्रत्येक गोळी वेगळीकडे वळे. यावर रॉबिन्सचा तोडगा असा, की गिरकी टाळू नका, आपणच द्या, आणि ती प्रवासाच्या दिशेला अक्ष ठेवून द्या. खोबणीच्या बंदुकांचं महत्त्व जे राष्ट्र आधी ओळखेल ते इतरांवर मात करील, असंही त्याने १७४७ मध्ये सांगून ठेवलं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर म्हणून तो हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

खोबणीने किती गिरकी मिळते? आपल्याकडच्या पोलिसांची ‘थ्री नॉट थ्री’ घ्या. तिची खोबणी दर २५ सेंटिमीटरला एक फेरा घेते. नळी ६४ सेंटिमीटरची, म्हणजे गोळी आत जेमतेम अडीच वेळा फिरते. पण बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला साधारण ७४४ मीटर असतो, म्हणजे गिरकी सेकंदाला सुमारे २,९०० फेऱ्यांची. लांबट गोळीचं नाक हवेच्या दाबाने वर उचललं जातं आणि ती कोलांटी खायला बघते. एवढ्या वेगाने फिरत असल्यामुळे तिला ते जमत नाही.

सिद्धांत कळला तरी फटीचा प्रश्न होताच. खोबणीत गोळी रुतायला हवी, म्हणजे ती घट्ट हवी. इंग्रजांनी १८०० साली निवडक पलटणींना ‘बेकर’ रायफल, म्हणजे खोबणीची बंदूक, दिली, तेव्हा गोळी आत घालायला सुरुवातीला लाकडी हातोडाही सोबत दिला होता! शत्रू धावून येत असताना हातोडा कोण शोधणार?

उत्तर निघालं ते गोळीच्या बुडात. बूड पोकळ ठेवायचं. भरताना गोळी नळीपेक्षा लहान, म्हणून सहज आत जाते. बार झाला की वायूचा दाब त्या पोकळीत शिरून मऊ शिशाची कड फुगवतो आणि ती खोबणीत घट्ट बसते. जॉन नॉर्टन या इंग्रज कॅप्टनला ही कल्पना १८२० च्या दशकात दक्षिण हिंदुस्थानातल्या फुंकनळीच्या बाणांवरून सुचली, असं सांगतात. फुंकर मारली की बाणाच्या मागचा मऊ गाभा फुगून नळी बंद करी. त्याच्या सरकारने लक्ष दिलं नाही. १८४९ साली फ्रान्सच्या क्लोद मिनीने तशी गोळी फौजेच्या गळी उतरवली आणि नाव त्याचं झालं. मधल्या काळात दारू पेटवायच्या कामात चकमकीच्या दगडाची जागा ठोका बसला की पेटणाऱ्या तांब्याच्या टोपीने घेतली होती. १८३४ च्या इंग्रजी चाचणीत प्रत्येकी ६,००० बारांपैकी चकमकीचे ९२२ फुसके निघाले, टोपीचे फक्त ३६.

हीच फुगणारी गोळी घेऊन १८५३ ची एनफील्ड रायफल हिंदुस्थानात आली. गोळी नळीपेक्षा फक्त पाव मिलिमीटर लहान होती. फट एवढी कमी झाल्यावर काजळी पुन्हा आडवी येणारच. ती मऊ राहावी आणि गोळी सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत. ती चरबी कोणत्या जनावराची, याची काळजी कोणी घेतली नव्हती आणि कागद दाताने फाडायची कवायत होती. पुढचं १८५७ आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्या उठावाची कारणं पुष्कळ, पण काडतुसावर चरबी होती ती काळ्या दारूच्या रसायनशास्त्रामुळे.

नळीच्या तोंडातून भरायची कटकट त्यानंतर लवकरच संपली. प्रशियाच्या ड्रायझ रायफलीत काडतूस मागून भरत, त्यामुळे शिपाई आडवा पडूनही भरू शके. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात हे निर्णायक ठरलं. पण तिच्या सांध्यातून गरम वायू तोंडावर येई. त्यावर पितळेचं काडतूस हा तोडगा मला सगळ्या इतिहासातला सगळ्यात हुशार वाटतो. दाबाने पितळ फुगून मागची वाट बंद करतं आणि दाब उतरला की किंचित आकसून मोकळं होतं.

काजळीचा मूळ बंदोबस्त १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने केला. नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या पदार्थापासून, त्याने अशी दारू बनवली, जी जवळपास सगळीच वायू होते. धूर नाही, गाळ नाही. मग ११ मिलिमीटरची नळी ८ वर आणता आली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीची गोळी सेकंदाला ६०० मीटरच्या वर वेगाने सुटू लागली. पूर्वीच्या मंद गोळीची वाट इतकी कमानदार होती, की अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती डोक्यावरून जाई. आता वाट सपाट झाली. पण एवढ्या वेगात शिसं खोबणीत टिकेना, ते सोलवटून निघे. म्हणून गोळीवर कठीण धातूचं कवच आलं. कवचाची गोळी शरीरातून आरपार जाते, म्हणून कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात तिचं टोक उघडं ठेवून बघितलं. त्या गोळीने इतक्या भयंकर जखमा झाल्या, की १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली.

विसाव्या शतकातल्या स्वयंचलित रायफली, एके-४७ धरून, हा मुळात हलक्या काडतुसांचा इतिहास आहे. पण काजळीने तिथेही गाठलंच. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची एम-१६ ऐन चकमकीत अडकायला लागली. दारू बदलली होती, नवी दारू यंत्रणा जास्त वेगाने हलवी आणि घाणही जास्त करी. काडतूस बसतं त्या कप्प्याला क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत तो गंजे. शिवाय ‘हिला फारशी सफाई लागत नाही’ असं सांगून सफाईचं साहित्यच दिलं नव्हतं. १९६७ मध्ये संसदीय चौकशी झाली, मग मुलामा आला आणि साहित्यही आलं.

भारताने पुण्याच्या ‘एआरडीई’ या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेत घडवलेल्या इन्सास रायफलीमधून ५.५६ मिलिमीटरच्या गोळीची वाट धरली होती. आता एके-२०३ च्या रूपाने तो ७.६२ कडे वळतो आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची निवड केली. तिच्यातला दाब इतका जास्त, की निव्वळ पितळेला तो झेपत नाही. म्हणून काडतुसाचं बूड पोलादाचं केलंय. ही गोळी जड, त्यामुळे पूर्वी २१० गोळ्या घेऊन जाणारा शिपाई आता १४० च नेणार, आणि हा सौदा परवडतो का यावर तिथले सैनिकच अजून भांडतायत.