एकट्यानं निभावणं म्हणजे स्वावलंबन नव्हे

आमच्या जळगावकडे पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ज्याला कुणाची गरज नाही, त्याला कुणाचं भ्या नाही. अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलंय.

रात्रीच्या विजेवर केळीला पाणी भरणाऱ्याचं बघा. सापाची भीती हे त्याचं रोजचं ओझं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप ओळखता आले, पायात गमबूट, हातात बॅटरी असली, की ती भीती बरीच उतरते. हे शिकणं ज्याचं त्यानंच करायचं. पण साप चावलाच, तर बांधणं, कापणं, चोखणं सगळं निरुपयोगी, उलट घातक. उतारा म्हणजे प्रतिसर्पविष, आणि ते दवाखान्यातच मिळतं. तिथं न्यायला शेजाऱ्याची मोटरसायकल लागते. चावलेल्यानं पळायचंही नसतं. इथं "मला कुणाची गरज नाही" म्हणणारा मरतो, स्पष्टच सांगतो.

सातबाराचंही तेच. स्वतः वाचता आला की तलाठ्यासमोर मान खाली घालावी लागत नाही. वाचायला शिकवतं मात्र दुसरंच कुणीतरी.

एकट्यानं निभावण्याच्या बाजूनं काहीजण गांधीजींचा दाखला देतात, तोही बघू. त्यांच्या एकादश, म्हणजे अकरा, व्रतांत अभय आहे, शरीरश्रमही आहे, एकटेपणा नाही. 1936 साली आमच्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून मंडप सजवला. त्याला हात मात्र अनेकांचे लागले होते.