कंपनी मर्यादित, मालकाची सही अमर्याद

धंदा बुडाला तर त्यात घातलेले भांडवल जाईल, पण मालकाच्या राहत्या घराला हात लागणार नाही, ही मर्यादित दायित्वाची सोय कायद्याने देऊन अजून पावणेदोनशे वर्षेही झालेली नाहीत. लहान उद्योजकाच्या बाबतीत ती बरीचशी कागदावरच राहिली, कारण कर्ज देणाऱ्याने दुसऱ्या एका कागदावर सही घेऊन ती काढून घेतली. तो कागद म्हणजे वैयक्तिक हमीपत्र: कंपनीने कर्ज फेडले नाही तर ते मी फेडीन, असे मालकाने लिहून देणे.

जामीन ही पद्धत कंपनीपेक्षा कितीतरी जुनी. याज्ञवल्क्यस्मृतीत जामीनदाराचे तीन प्रकार सांगितले आहेत: माणसाला हजर करणारा, त्याच्या भरवशाची ग्वाही देणारा आणि त्याच्या वतीने पैसे भरणारा. पहिले दोघे वारले तर मुलांवर बोजा येत नसे. तिसऱ्याचे देणे मात्र मुलांना फेडावे लागे. आजच्या बँकेला हवा असतो तो हा तिसरा जामीनदार.

मर्यादित दायित्वाचा कायदा इंग्लंडमध्ये 1855 साली झाला. त्याआधी भागीदारीतल्या प्रत्येकाची सगळी मालमत्ता धंद्याच्या देण्याला बांधलेली असे. नव्या कायद्यात किमान 25 सभासदांची अट होती. 1856 मध्ये ती 7 वर आली. भारतात 1857 च्या कायद्याने हीच सोय आली, पण बँकांना तीतून वगळले होते. अमर्याद दायित्व म्हणजे काय, हे 1878 मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा दिसले. शंभर पौंडांच्या भागभांडवलामागे भागधारकांकडून एकूण 2,750 पौंड मागितले गेले. बहुतेकांचे दिवाळे निघाले.

हे सगळे मोठ्या, अनेक भागधारकांच्या उद्योगांचे झाले. एकट्याच्या दुकानाला ही ढाल चालते का? हा प्रश्न ॲरन सॉलोमन या लंडनच्या चांभारी मालाच्या व्यापाऱ्यामुळे सुटला. त्याने आपला धंदा कंपनीला विकला. तिच्या 20,007 भागांपैकी 20,001 त्याचे स्वतःचे होते, बाकीचे सहा बायको-मुलांचे. कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटरने, म्हणजे ती गुंडाळून देणी भागवणाऱ्याने, म्हटले की हा सगळा देखावा आहे, देणी सॉलोमनने भरावीत. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ते मानले. 1896 च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल फिरवला: कंपनी रीतसर नोंदली असेल तर ती मालकापासून वेगळी व्यक्ती. लहान धंदेवाल्याचा विजय म्हणून हा निकाल शिकवला जातो. पण स्वतः सॉलोमनला तोवर निर्धन म्हणून अपील लढवावे लागले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

या निकालातून धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, कळण्यासारखे होते ते एवढेच: कंपनीच्या मागचा माणूस हाती हवा असेल तर त्याची वेगळी सही घ्या. कायद्यात त्याला काहीच अडसर नव्हता. भारतीय करार कायद्याने तर 1872 मध्येच, कलम 128 मध्ये, हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच, म्हणजे कर्ज घेणाऱ्याइतकेच, ठरवले होते; करारात वेगळे काही लिहिले असेल तरच ते कमी. आधी ऋणकोकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे हमीदार म्हणू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद खटल्यात 1968 मध्ये स्पष्ट केले. हमीचा उपयोगच नेमका तो असतो.

त्यामुळे मालकाला वाचवण्याची पुढची धडपड कंपनी कायद्यात न होता हमीच्या कायद्यात झाली, आणि तीही आधी मालकासाठी नव्हे, त्याच्या बायकोसाठी. अमेरिकेत 1974 च्या समान पतसंधी कायद्याखालच्या नियमांनी, अर्जदार स्वतः पात्र असताना जोडीदाराची सही मागायला बंदी घातली. ब्रिटनमध्ये ओ'ब्रायन खटला गाजला. नवऱ्याने बायकोला सांगितले होते की तारण 60,000 पौंडांपुरते आणि तीन आठवड्यांसाठी आहे. प्रत्यक्षात उचलीची मर्यादा 1,35,000 पौंड होती. 1993 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. पुढे 2001 च्या एट्रिज निकालाने, सही करणाऱ्याला वकिलाने आधी सगळे समजावले आहे याची खात्री करण्याची जबाबदारी बँकांवर टाकली. जपान आणखी पुढे गेला. 2020 पासून धंद्याच्या कर्जाला त्रयस्थ व्यक्ती हमी राहणार असेल, तर आधी नोटरीसमोर तसा लेख करावा लागतो. संचालक आणि बहुसंख्य भाग असलेल्या मालकांना मात्र तो नियम लागू नाही.

भारतात 2000 साली सुरू झालेल्या पतहमी योजनेत लहान उद्योगांना तारणाविना, त्रयस्थाच्या हमीविना कर्ज मिळू लागले. प्रवर्तकाची स्वतःची हमी तिथेही घेता येते. उलट दिशेने, 1 डिसेंबर 2019 पासून कंपन्यांचे वैयक्तिक हमीदारही दिवाळखोरी संहितेच्या कक्षेत आले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, आणि कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप मोकळा होत नाही, हेही सांगितले.

जुन्या कायद्यातली एक तरतूद मात्र फारशी वापरली जात नाही. चालू हमी, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना लागू असलेली हमी, असेल तर करार कायद्याच्या कलम 130 प्रमाणे धनकोला नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती ती मागे घेता येते. झालेले देणे तसेच राहते. कंपनीतला आपला वाटा विकून बाहेर पडणारे अनेक जण राजीनामा देतात, पण ही नोटीस द्यायची राहून जाते. भागांची मालकी बदलली तरी हमीपत्रावरची सही त्यांचीच राहते.